कबऱ्याच्या नावाचा काला

माझे सासरे शेषराव कोणाला भीत नसत. मळ्यात साप निघाला तर शेपटीला धरून बांधापलीकडे टाकत. पण नत्थुजी आपल्याला हसेल, एवढ्याला मात्र ते भीत. हे मला फार उशिरा कळलं, आणि तोवर ते अर्धे झाले होते.

वऱ्हाडात तेव्हा इंग्रजाचं राज्य होतं. नांदगाव खंडेश्वरच्या शिवेला आमचा मळा: वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, कडेला संत्र्याची झाडं. माझा नवरा चंद्रभान माळव्याची बैलबंडी घेऊन चांदूर रेल्वेच्या बाजाराला जायचा. मामाजी, म्हणजे सासरे, झोपायलासुद्धा घरी येत नसत. मळ्यातल्या खोपडीतच राहायचे. दुपारी मी त्यांची भाकर घेऊन जायचे.

त्यांना आपल्या दातांचा भारी गर्व. ऊस सोलायला कोणी विळा मागितला की त्याची टिंगल करायचे. शेजारच्या मळ्यातला नत्थुजी त्यांचा लहानपणापासूनचा सोबती. त्याचे दात लवकर पडले, तर हे त्याला गावभर ‘बोळक्या’ म्हणत फिरले. चारचौघांत त्याच्या हातावर फुटाणे ठेवायचे. नत्थुजी तेवढ्यापुरतं हसायचा आणि म्हणायचा, “तुही बी पाळी येईन लेका, मंग मी हासीन.”

सासऱ्याशी समोरासमोर बोलायची सुनेला तेव्हा रीत नव्हती. डोक्यावरून पदर ओढायचा आणि सांगायचं ते दुसऱ्याच कोणाला तरी सांगायचं, म्हणजे त्यांच्या कानावर जातं. घरात लेकरू असलं की सोपं पडतं. आम्हाला अजून नव्हतं, आणि सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. मग काय, मी खोपडीच्या मेढीशी, म्हणजे मधल्या खांबाशी बोलायचे. “भाकर ठेवली हाय,” असं मी मेढीला सांगायचे. “ठेवू दे,” असं मामाजी बैलाला सांगायचे. माझा स्वभाव बडबडा. लाकडाशी बोलून बोलून जीव नुसता गुदमरून जायचा.

मग रानडुकरांनी मळा उकरायला सुरुवात केली आणि मामाजींनी नत्थुजीच्या कुत्रीचं एक पिल्लू आणलं. पांढऱ्यावर काळे ठिपके, म्हणून कबऱ्या. नुकतंच आईपासून तोडलेलं, त्याला भाकर कुठली चावणार? मी बकरीच्या कोमट दुधात भाकर कुस्करून काला करायचे आणि जर्मनच्या भगुन्यात भरून मळ्यात न्यायचे. भगुनं मामाजींपाशी ठेवायचं, ते थोडा थोडा काला कबऱ्याच्या मातीच्या परळात ओतायचे.

“कबऱ्या, तुह्या मायले सांग, तू माह्याच हातानं खातं,” ते म्हणाले. “भगुनं ठेवून जाय म्हना.”

आता आमचं बोलणं सुरू झालं. एकदा भाजीत मीठ जास्त पडलं. “कबऱ्या, मायले इचार, मीठ फुकट भेटलं का?”

“कबऱ्या, त्याइले सांग,” मी म्हणाले, “खारट लागलं त्यानं पानी प्यावं.”

मामाजी तोंडावर दुपट्टा धरून खदखदून हसले. हल्ली ते हसताना दुपट्टा धरायचे. मला वाटलं, सुनेसमोर लाजतात.

कबऱ्या भराभर वाढला. एक दिवस चंद्रभाननं त्याचं तोंड उघडून पाहिलं. दुधाचे दात पडून मोठे सुळे आले होते. वर तो संत्र्याच्या बुडाशी तंगडी वर करायला लागलेला.

“अन् ह्याले दूध पाजून राहिली तू?” चंद्रभान म्हणाला. “उद्यापासून सुकी भाकर.”

मलाही ते पटलं. दुसऱ्या दिवशी काला नेला नाही.

“कबऱ्या, तुहं दूध कोनं बंद केलं रे?” मामाजींनी विचारलं.

“कबऱ्या, सांग त्याइले, तुले दात आले म्हनून.”

मामाजींनी त्याचा जबडा उघडला आणि बराच वेळ आत पाहत राहिले. “आले खरे,” एवढंच म्हणाले.

त्यानंतर मामाजी वाळत गेले. गळ्याशी खड्डे पडले, अंगातली बंडी खांद्यावरून ओघळायला लागली, मोट हाकताना मध्येच खाली बसायला लागले. कबऱ्या मात्र चांगला धष्टपुष्ट झाला होता. वैद्यानं चूर्ण दिलं, त्यानं काही झालं नाही. मी मऊ खिचडी करून नेली, तर ती तशीच परत आली. “कबऱ्या, घरी कोन बिमार हाय? त्याले दे म्हना.” मी मनातून पार घाबरले. माझं माहेर लांब. या घरात माझी बडबड ऐकून हसणारं एकच माणूस होतं, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं.

एकदा भाकर देऊन निघाले आणि विळा विसरला म्हणून परत फिरले. मामाजींना वाटलं, मी गेले. पाटाच्या कडेला बसून त्यांनी भाकरीचा तुकडा पाण्यात बुडवला. तोंडात घातला, या गालातून त्या गालात फिरवला, कळ आली तसे डोळे मिटले, आणि बोटानं काढून कबऱ्यापुढे टाकला. तोंड उघडलं तेव्हा मला दिसलं. दोन दात उरले होते, तेही एक वर आणि एक खाली, एकमेकांना न भेटणारे. कबऱ्या कडकडून भाकर खात होता.

मी तुरीच्या आड उभी राहून रडले. कबऱ्याच्या नावाचा काला कोणाला जगवत होता, ते आता कळलं. आणि तो मी बंद केला होता! पण तोंडानं विचारायची सोय नव्हती. नत्थुजीच्या कानावर गेलं असतं तर मामाजींनी मळाच काय, गाव सोडलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी काठोकाठ भगुनं भरलं, वर गुळाचा खडा टाकला आणि मळ्यात जाऊन मोठ्यानं म्हणाले, “कबऱ्या, दात आले म्हनून कोनी मोठं होत नाई. तुही हाडं अजून कच्ची हायेत. मी म्हनीन तोवर दूधच खायाचं, अन् भगुनं रिकामं झालं पायजे!”

मामाजी कितीतरी वेळ दोराची गाठ सोडत बसले. मग हळूच म्हणाले, “ऐक रे बापा. माय म्हन्ते तसं कर.”

भगुनं घासूनपुसून परत आलं. महिन्याभरात मामाजी पुन्हा मोटेवर उभे राहिले.

चंद्रभान कुरकुरायचा. “घोड्याएवढं झालं, त्याले काहून दूध?” शेवटी कुत्र्याची पारख करायला तो नत्थुजीलाच घेऊन आला. नत्थुजीनं कबऱ्याचं तोंड उघडलं, पाठीवरून हात फिरवला. मग भगुन्याकडे पाहिलं, आणि तोंडावर दुपट्टा धरून बसलेल्या मामाजींकडे पाहिलं. आता हा हसणार, असं मला वाटलं.

“लहान हाय अजून,” नत्थुजी म्हणाला. “दूध तोडू नोको, चंद्रभान.” आणि चपला घालून गेला. मामाजींनी त्याला पुन्हा कधी बोळक्या म्हटलं नाही.

पुढे शिवेवर ठिपक्यांची पिल्लं दिसायला लागली. “तुहं पिल्लू बाप झालं,” चंद्रभान मला चिडवायचा. मी काला करतच राहिले.

मग एका हिवाळ्यात मामाजींना उचलून घरी आणावं लागलं. मी वाटी तोंडाशी नेली, तर त्यांनी मान वळवली. कबऱ्या उंबऱ्याशी बसला होता. ते त्याच्याशी बोलले नाहीत. माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाले, “शकुन, माय, कबऱ्याले आता भाकर देत जाय. मोठा झाला तो.”

माझा पदर खांद्यावर कधी आला, कळलं नाही. “नाई मामाजी,” मी म्हणाले, “लहानच हाय अजून.”

मामाजी हसले. दुपट्टा उशाशी होता, पण त्यांनी तो घेतला नाही.

दोन दिवसांनी मी कबऱ्याला सुकी भाकर टाकली.