लाँड्रेटमधला भांडखोर म्हातारा

बायको गेल्यावर घरचं वॉशिंग मशीन मला काही चालवता येईना, म्हणून मी एजवेअरच्या लाँड्रेटमध्ये जाऊ लागलो; नाणं टाकलं की मशीन आपोआप कपडे धुऊन देतं, असं ते दुकान. तिथं एक म्हातारा गोरा रोज बसलेला असायचा. त्याच्याकडे एकच टॉवेल. तोच धुवायचा, त्याचीच घडी घालायचा आणि समोर येईल त्याच्याशी वाद घालायचा.

इलेक्शनचे दिवस होते. एके दिवशी दुपारी मी गेलो, त्या संध्याकाळी टीव्हीवर दोन पुढाऱ्यांची डिबेट होणार होती; एक लाल टायवाला, दुसरा निळ्या. ड्रायरपाशी एक बाई म्हणाली, "लाल टायवालाच जिंकणार." म्हातारा निळ्या टायवाल्याची बाजू घेऊन तिच्यावर तुटून पडला. कपडे वाळले तरी ती अर्धा तास भांडत राहिली, मग वैतागून निघून गेली.

मी म्हटलं, "माझंही मत निळ्यालाच."

"निळ्याला?" तो बोट नाचवत ओरडला. "त्याला घर तरी चालवता येईल का?"

मी चिडलो. "अहो, मघाशी त्याचीच बाजू घेत होतात ना?"

त्यानं टॉवेलची घडी मोडली, परत घातली. "मित्रा, मी 'बरोबर' म्हटलं की माणसं कपडे उचलून घरी जातात."

माझी बायको दर इलेक्शनला मुद्दाम माझ्याविरुद्ध मत द्यायची. चाळीस वर्षं भांडलो आम्ही. आता घरात माझं बोलणं कुणी खोडून काढत नाही.

माझे कपडे वाळले होते. तरी मी त्याच्या शेजारी बसलो.

"तुम्हाला राजकारणातलं ओ की ठो कळत नाही," मी म्हटलं. "संध्याकाळी डिबेट बघायला घरी या, टीव्हीसमोर दाखवून देतो."

"तुलाच कळत नाही," तो म्हणाला. "पत्ता सांग."