कांडपासमोरचे पहारेकरी

उन्हाळा लागला की आमच्या जिंतूरच्या कांडपावर मिरचीच्या पोत्यांआधी संशयच येऊन पडतो. तिखटापेक्षा किस्से जास्त निघतात हो!

* * *

सुमनकाकू मिरची कांडून होईस्तोवर मशीनसमोरून हलत नाहीत. शिंका, ठसका, डोळ्यांतून धारा, तरी नाकाला पदर लावून बसून! मी म्हटलं, "काकू, बाहेर सावलीत बसा की."

"कामून? मी गेले की काय टाकायचं हाय त्यात?"

* * *

माझी पुतणी कृषी कॉलेजला आहे. ती सहज बोलून गेली, "ताज्या मिरचीत क जीवनसत्त्व भरपूर असतं, वाळवली की कमी होतं."

काकूंनी गर्रकन माझ्याकडं बघितलं. "कमी होतं? मग जातं कुठं? ह्याच्याच मशीनमधी!"

* * *

शेजारच्या तात्यांनी बांधावर आपोआप उगवलेली बारकी रानमिरची कांडायला आणली. "पाखरं खायलीत, म्हंजे बिनविषारी हाय."

पुतणी म्हणाली, "पाखरांना तिखट जाणवतच नाही तात्या. आणि त्यांना पचतं ते माणसाला पचेलच असं नाही."

तात्यांनी एक मिरची माझ्या हातावर ठेवली. "खा. मी थांबतो. मेलास न्हाई तर कांडू!"

* * *

मग ते धोत्र्याचं प्रकरण. एका पोत्यातल्या मिरच्यांत धोत्र्याचं वाळलेलं काटेरी बोंड निघालं. बी अगदी मिरचीच्या बीसारखं, पण विष! मी लगेच मशीन थांबवलं, अख्खं पोतं परत केलं, मशीन खोलून धुतलं. तरी संध्याकाळपर्यंत गावभर झालं, "त्याच्या कांडपात धोत्रा हाय!"

या धंद्यात नाव गेलं की सगळं गेलं. माझी झोप उडाली.

* * *

गिऱ्हाईक फिरकेना. अशात एका सकाळी बसस्टँडजवळचा कांडपवाला बाबूराव घरची मिरची घेऊन माझ्या दारात! स्वतःचं मशीन असताना! मला भरूनच आलं. चहा मागवला.

"बाबूराव, तुमचं मशीन बिघडलं का काय?"

"बिघडतंय कशाला! मोकळं न्हाई. घरी पाव्हणे यायलेत, तिखट आत्ताच पायजे."

"एवढी गर्दी?"

"गर्दी कसली! एकच बाई हाय, पण लय शक्की. आधी मशीन धुऊन घेतलं, आता समोर खुर्ची टाकून बसलीय."

"कोण हो?"

बाबूरावनं कप खाली ठेवला.

"तुमच्या घरच्याच. वहिनी!"