तिसरं भोक

पंधरा वर्षं मी विहिरींत आडवे बोअर मारले. विहिरीचं पाणी कमी पडलं की तळाशी मशीन बसवायचं आणि बाजूच्या खडकात आडवं भोक पाडत जायचं. झरा लागला तर विहीर भरते आणि आपल्याला मानाचा नारळ मिळतो. धाडपासून चिखलीपर्यंत किती विहिरींत उतरलो, मोजदाद नाही. इतक्या वर्षांत बोअर कोणत्या दिशेला गेला, असं मला कोणी विचारलं नव्हतं. पाणी लागलं ना, मग झालं.

विचारलं ते शेजारच्या गावानं. माझ्या धाकट्या बहिणीचं सासर ते.

आमची पिण्याच्या पाण्याची विहीर नाल्याच्या अलीकडे, त्यांची पलीकडे. त्या वर्षी उन्हाळा लागतो न लागतो तोच आमची तळाला गेली आणि ग्रामपंचायतीनं मला बोलावलं. चाचांनी वरून दोर सोडला. चाचा म्हणजे माझे जोडीदार, मशीन आणि ते चालवणारं वरचं इंजिन त्यांचंच. मी खाली आणि ते वर, हे आमचं कायमचं ठरलेलं. पहिली दोन भोकं कोरडी गेली, तिसऱ्यातून मनगटाएवढी धार आली. वर गाव नाचायचंच बाकी होतं. पंधरा दिवसांनी पलीकडची विहीर आटली.

भांडण नको म्हणून दोन्ही गावांची बैठक कोरड्या नाल्यातच बसली, म्हणजे कोणी कोणाच्या दारात गेलं असं व्हायला नको. त्यांचे सरपंच मला म्हणाले, "तिसरं भोक आमच्याकडं हाय का डोंगराकडं, तेवढं सांग. डोंगराकडं असन तर आमचं काही म्हणणं नाही. आमच्याकडं असन तर अर्धं पाणी आमचं." आमचे सरपंच लगेच 'कबूल' म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की काय बोलायचं ते कळावं.

"मले मालूम नाही," मी म्हणालो.

"काऊन बे? सोताच्या हातानं भोक पाडलं न मालूम नाही?" त्यांचे सरपंच म्हणाले.

आता हे कोणाला पटवून सांगायचं? दोराला बांधलेल्या फळीवर बसून उतरताना दोर पीळ सोडतो, माणूस चार-दोन गिरक्या खातो. खाली चहूकडे सारखीच गोल भिंत. खडकाला जिथं ओल दिसली तिथं मी मशीन लावलं. चाचा वरून 'उजवीकडे, उजवीकडे' ओरडत होते, पण त्यांचं उजवं माझं डावं होतं की काय, देव जाणे. आमच्या लोकांना वाटलं, हा बहिणीकडे पाहून गप्प आहे. पलीकडच्यांना वाटलं, हा गावाकडे पाहून गप्प आहे. आपलेच दात नि आपलेच ओठ, चावायचं कोणाला?

दुसऱ्या दिवशी बहिणीचा फोन आला. "दादा, टँकरवर बाया मले म्हणतेत, तुह्या भावानं पाणी नेलं, तू काऊन रांगेत उभी राह्यली? हो म्हण नाहीतर नाही म्हण. काही तं एक सांग."

"खोटं सांगू?"

"सांग."

पण खोटं तरी कोणतं? डोंगर म्हणावं तर तिची टोमण्यांतून सुटका, पण घशाला कोरड तशीच. नाला म्हणावं तर पाणी मिळेल, पण ती जन्मभर पाणीचोराची बहीण. मी अंगणात डोळे मिटून गिरक्या घेऊन पाहिल्या, तोंड कुठं येतं ते आठवायला. बायको म्हणाली, आता डोकंही फिरलं वाटतं. तिचं फारसं चुकलं नव्हतं.

भोकं आता पाण्याखाली गेली होती. विहीर उपसून पाहा, असं सगळेच म्हणत. पण भर उन्हाळ्यात पिण्याचं पाणी उपसून टाकणार कोण? शेवटी चाचाच वैतागून म्हणाले, "अरे भाई, टाकाले कोण सांगतं? उपसलेलं पाणी त्याइच्या विहिरीत सोडा ना!" इतकी साधी गोष्ट दोन गावांत एकालाही सुचली नव्हती, याची सगळ्यांनाच लाज वाटली.

दोन दिवस मोटर चालली. चाचांनी नाल्याच्या बाजूनं एक दोरी सोडली, खाली लाल चिंधी बांधून. मी उतरलो, सोबत पलीकडच्या गावाचा एक माणूस साक्षीला. तळाशी पोचलो आणि पाहिलं. धार चिंधीच्या अगदी शेजारून येत होती. खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.

आमचे सरपंच शब्दाला जागले. नाल्यावरून पाइप गेला. एक दिवस आमचा, एक दिवस त्यांचा, आणि दोघांच्या संमतीशिवाय नाल्याकाठी नवीन बोअर नाही. कागदावर माझीही सही घेतली. गावात काही दिवस मला कोणी रामराम घातला नाही.

महिन्याभरानं बहिणीकडे गेलो. तिच्या दारातल्या नळाला पाणी आलं होतं. तिनं तांब्या भरून माझ्यापुढे ठेवला आणि समोर बसली.

"दादा, तुले खरंच मालूम नव्हतं?"

त्या दिवशी तिसऱ्या भोकाआधी मी मशीन थोडा वेळ बंद ठेवलं होतं. ओल्या खडकाला हात लावला, तर आतून बारीक घरघर जाणवली होती, लांब कुठंतरी मोटर चालू असल्यासारखी. ती पलीकडच्या विहिरीवरची होती, की वर चाचांचं इंजिन होतं? तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही. आणि आता कितीही आठवलं तरी मला सांगता येत नाही.

"नव्हतं," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली, आणि माझ्याकडे न पाहता चहा ठेवायला आत गेली.