बटण, हूक आणि फिरणारी पेटी

टेलरबाईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका पॅण्टची उंची कमी करताना त्यांनी तीच शिवण दोनदा उसवली आणि दोन्ही वेळा मान वळवून कोपऱ्यातल्या पांढऱ्या पेटीकडे पाहिलं. कपाटाच्या माथ्यावर बटण आणि हूक या त्यांच्या दोन मांजरी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. त्यांचीही नजर पेटीवरच होती.

सहा आठवड्यांपूर्वी बाईंच्या पाठीचं ऑपरेशन झालं. वर्षभर वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मांजरांच्या शी-शूची वाळू तर वाकूनच उपसावी लागते. म्हणून लेकीने ही पेटी पाठवली. मांजर आत जाऊन बाहेर आलं की दारावरच्या सेन्सरला कळतं, सात मिनिटांनी आतला ड्रम फिरतो आणि घाण खालच्या कप्प्यात पडते. सगळं आपोआप. फक्त हे मांजरांना कुणी सांगितलं नव्हतं.

आठ दिवसांत बटणने एका गिऱ्हाइकाचा लोकरी कोट ओला केला आणि हूकने जिन्याखालचा कोपरा धरला. कोटवाला सभ्य माणूस. कोट घडी करून घेऊन गेला, पुन्हा आला नाही.

धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, रविवारी टोपली घेऊन येते. माझ्याकडे अंगण आहे, माती आहे. सुखाने राहतील दोघी."

"आणि तुझा कुत्रा?"

"म्हातारा झालाय तो. दात कुठे उरलेत त्याला?"

"दात नसले तरी भुंकायला तोंड आहे ना."

"मग वाकत बस. पाठ मोडली की मला फोन कर."

बाईंनी फोन ठेवला. गेली अकरा वर्षं त्यांनी या दोघींशिवाय कापडाला कात्री लावली नव्हती.

लेकीच्या सांगण्यावरून त्यांनी जुनी वाळू मूठभर पेटीत टाकली होती, ओळखीचा वास यावा म्हणून. लेकीने न सांगितलेली एक गोष्टही केली होती. मांजराला आडोसा लागतो हे त्यांना ठाऊक होतं, आणि आडोसा म्हटलं की टेलरला पडदा सुचणार. राखाडी फ्लॅनेलचा, दुहेरी दुमडीचा, खाली दोन बोटं जागा सोडलेला पडदा त्यांनी पेटीच्या तोंडावर लावला. काम सुबक झालं होतं.

तेव्हापासून पेटीला चैन नव्हतं. आत कुणी गेलेलं नसतानाही ती घरघरायची, मांजरी पुन्हा कपाटावर. आवाजाचं भय म्हणावं, तर याच दोघी चालू शिलाई मशीनच्या बुडाशी झोपत आल्या होत्या. पण मशीन बाई बसल्या तरच बोलायचं. ही पेटी कुणी नसताना बोलत होती.

बुधवारी इस्त्री करताना बाईंनी पंखा लावला. पडदा हलला. पेटीवरचा दिवा लागला. बाई घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. सातव्या मिनिटाला ड्रम फिरला. पंखा बंद केला, पेटी गप्प. पुन्हा लावला, पुन्हा तेच. पडदा हलला की पेटीला वाटायचं, मांजर येऊन गेलं.

स्वतःचं काम त्यांनी इतक्या घाईने कधी उसवलं नव्हतं.

मग त्यांनी धंद्याची रीत धरली: आधी कच्चा टाका, मग पक्की शिलाई. पेटीचा प्लगच काढून ठेवला. प्लग लावला की ड्रम एकदा फिरायचा, तेवढा तो मांजरी दुसऱ्या खोलीत असताना फिरवायचा आणि पुन्हा बंद. शुक्रवारी हूक आत गेली. बटण दारापर्यंत जायची, वास घ्यायची, परतायची.

रविवारी बहीण आली आणि टोपली मांडीवर घेऊन बसली. दोघी पेटीत गेल्या तर रिकामी टोपली परत नेईन, असं तिने आल्याआल्या सांगितलं. तासाभरात हूक पेटीत जाऊन आली.

"एक पास झाली," बहीण म्हणाली. "दुसरीला तरी नेऊ दे."

"नेलीस तर दोघी ने. एकटं राहायची सवय नाही त्यांना."

"मग आवर. संध्याकाळच्या आत निघायचंय मला."

बाई मशीनवर जाऊन बसल्या आणि पॅडल दाबलं. बऱ्याच वेळाने बटण कपाटावरून उतरली. पेटीशी गेली. पुढचे पाय आत, मग मागचे. वाळू उकरल्याचा आवाज आला. बहीण काहीतरी बोलणार तोच बाईंनी कात्री वर केली. बटण बाहेर आली आणि थेट मशीनच्या टेबलावर चढली.

आता बाईंनी डाव्या हाताने भिंतीतला प्लग लावला. ड्रम फिरू लागला. बटणचे कान मागे गेले, अंग ताठ झालं. बाईंचा पाय पॅडलवरून हलला नाही. मशीन चालत राहिलं, पलीकडे पेटी घरघरत राहिली, आणि बटण जागची उठली नाही.

"ताई," बहीण हळूच म्हणाली, "सुईखाली कापडच नाहीये."

"माहितीये. गप्प बस जरा."

ड्रम थांबला. बहिणीने रिकाम्या टोपलीचं झाकण लावलं. "पुढच्या रविवारी येऊन बघते पुन्हा."

"ये. टोपली घरी ठेवून ये," बाई म्हणाल्या. पाय अजून पॅडलवरच होता.