वेढ्यातली भूक

माझा दादा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून आणि सुट्टीच्या दिवशी सेनापती. म्हणजे ऐतिहासिक कादंबऱ्या लिहितो. अभ्यास असा की विचारू नका. एका कादंबरीसाठी घरातले दिवे बंद ठेवून वातीच्या उजेडात लिहायचा. चष्म्याचा नंबर वाढला तेव्हा कुठे ते भूत उतरलं. मुखपृष्ठावरच्या शिपायाच्या डगल्याला चित्रकाराने त्या काळी नसलेलं बटण लावलं, तर हा प्रकाशकाशी हमरीतुमरीवर आला. घरच्या माणसाचा वाढदिवस मात्र याच्या कधी लक्षात राहिला नाही.

यंदा त्याने एका वेढ्यावर कादंबरी लिहायला घेतली. किल्ल्यातलं धान्य संपतं, मदत येत नाही, शेवटी उपासमारीने दरवाजे उघडावे लागतात. जुन्या दप्तरात धान्याच्या पोत्यांचा हिशोब सापडला. पण उपाशी माणसाला आतून काय होतं, ते कुठल्या कागदात सापडणार? दादाचं गाडं अडलं.

मागच्या खोलीत आई अंथरुणाला खिळलेली. पडल्यापासून तिची अन्नावरची वासनाच उडाली होती. तोवर दादा कचेरीतून आला की दारातूनच "बरी आहेस ना?" म्हणून सटकायचा. एके दिवशी त्याला काय सुचलं कोण जाणे, स्टूल ओढून तिच्याजवळ बसला.

"आई, न जेवता राहिलं की नेमकं काय होतं गं?"

"आधी पोट ओरडतं," आई म्हणाली. "मग ते गप्प बसतं आणि डोकं बोलायला लागतं. दुसऱ्याच्या ताटाचा वास भिंतीतूनही येतो."

दादा हरखला. मग रोज संध्याकाळी स्टूल, वही आणि आई. वहिनी मला फोनवर म्हणाली, "वन्सं, आईंचा चेहरा कसा उजळलाय!" मी भेटायला गेले, तर चेहरा तेवढा उजळलेला, बाकी नुसती हाडं.

डॉक्टरांना काही दोष सापडेना. दुपारी मी मऊ भात कालवून नेला. ताट बघून आईने आवंढा गिळला आणि तोंड फिरवलं.

"भूक लागलीय तुला. मग खात का नाहीस?"

"पोटभर जेवले तर संध्याकाळी त्याला सांगू काय?" ती हळूच म्हणाली. "तासभर बसतो गं माझ्याजवळ."

मी तशीच उठले आणि कचेरी गाठली. चारचौघांत बोलू नये एवढंही भान राहिलं नाही. "तुझ्या पुस्तकापायी आई मरतेय," म्हटलं, आणि सगळं सांगून टाकलं.

दादा पांढराफटक पडला. "मला दिसत होतं," तो म्हणाला. "तिची मनगटं बारीक होताना दिसत होती. मी तेही लिहून घेतलं." मग टेबलावर डोकं टेकून रडला. मला त्याची कीव आली नाही.

संध्याकाळी तो रिकाम्या हाताने तिच्या खोलीत गेला. मी ताट घेऊन मागोमाग.

"आई, मदत पोचली. वेढा उठला. किल्ल्यात सगळे पोटभर जेवले."

असं काही घडलेलं नव्हतं. दरवाजे उघडले होते, माणसं मेली होती, आणि हे दादाइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

आईने त्याच्या हातून एक घास घेतला. दुसरा घेतला. मग त्याचा हात धरून थांबवला.

"म्हणजे तुझं काम झालं," ती म्हणाली. "मग उद्या कशाला येशील?"