धुक्यातला मरून स्वेटर

गेल्या आठवड्यात आमच्या दिल्लीतल्या मयूर विहारच्या सोसायटीत मी साक्षीदार झाले. चक्क आय-विटनेस! तेव्हापासून स्वतःच्याच डोळ्यांकडे जरा संशयाने बघतेय...

झालं असं. गुरुवारी सकाळी थंडी मी म्हणत होती आणि धुकं तर असं, की समोरचा ब्लॉक गायब. मी चहा घेऊन बाल्कनीत उभी होते, तेवढ्यात खाली गेटपाशी वर्मा आंटी किंचाळल्या. कुत्रा चावला होता, पोटरीला. एक तपकिरी कुत्रं पार्क केलेल्या गाड्यांमागे पळताना मी पाहिलं... बस्स, एवढंच.

आंटी सत्तरीच्या, एकट्या राहतात. मग सगळ्यांची धावपळ, हॉस्पिटल, इंजेक्शन. कुत्रा कोणता होता वगैरे विचारायला त्या दिवशी कोणाला फुरसतच नव्हती.

रविवारी सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो आला. आमच्या गेटवरचा तपकिरी शेरू, अंगात मरून स्वेटर, उन्हात मस्त पसरलेला. खाली लिहिलं होतं, 'यही है वो.' दिल्लीत थंडी पडली की लोक गल्लीतल्या कुत्र्यांना मुलांचे जुने स्वेटर घालतात. आणि मरून तर इथे अर्ध्या शाळांचा युनिफॉर्म, त्यामुळे त्यात कोणाला काही वेगळं वाटलं नाही. मग काय, एकेकाला आठवायला लागलं... हो हो, स्वेटरवालाच होता!

संध्याकाळी आमचे सेक्रेटरी खन्नाजी घरी आले. "भाभीजी, आप तो बाल्कनी में थीं. वो स्वेटरवाला ही था ना?"

मी म्हटलं, बिल्कुल. आणि खरंच सांगते, मी खोटं बोलत नव्हते. मला दिसत होता ना तो! धुक्यातून पळणारा मरून रंग... पाठीवरचा सुटलेला धागासुद्धा.

आता आमच्या घरात माझ्या मेमरीचा दरारा आहे. कोणाच्या लग्नात कोणती भाजी होती, हेही नवरा मला विचारतो. सोसायटीतही माझ्या शब्दाला वजन, म्हणून खन्नाजींनी लगेच ठरवून टाकलं. मंगळवारी कुत्री पकडणारी गाडी येणार आणि शेरूला घेऊन जाणार. कुठे, ते त्यांनाही नीट सांगता येईना.

असा नेलेला कुत्रा बहुतेक परत येत नाही. मला वाईट वाटत होतं, पण आंटींच्या पायाची पट्टी आठवली की वाटायचं, काय करणार यार...

सोमवारी दुपारी नाझनीन आली. ही पोरगी मूळची बीडची, आमच्या वरच्या मजल्यावर पीजी म्हणून राहते, यूपीएससीची तयारी करते आणि शेरूला रोज खायला घालते. शनिवारी मी बेडची पेटी उपसली, तेव्हा माझ्या लेकीचे, ईराचे, तोकडे झालेले लोकरीचे कपडे पिशवीत भरून हिच्याकडे दिले होते. 'तुझ्या कुत्र्यांना होतंय का बघ,' म्हटलं होतं. ती पिशवी परत द्यायला आली होती. रिकामी कशी द्यायची, म्हणून आत घरून आलेली शेंगदाण्याची चटणी!

रडून रडून डोळे सुजले होते तिचे. गाडी येणार हे तिला कळलं होतं, माझ्या साक्षीचं मात्र नव्हतं. म्हणाली, "काकू, तुमच्यामुळे दोन दिवस तरी ऊब मिळाली त्याला. ईराचा मरून स्वेटर कसला बरोब्बर बसला होता हो!"

मी पिशवी हातात धरून तशीच उभी. ईराचा स्वेटर? शनिवारी दिलेला? आणि आंटींना कुत्रा चावला गुरुवारी... अगं बाई! त्या दिवशी तो स्वेटर माझ्याच बेडच्या पेटीत, डांबरगोळ्यांच्या वासात पडलेला होता. मग मी धुक्यात पाहिलं काय, डोंबल?

नाझनीनला सगळं सांगून टाकलं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. ते बघणं फार लागलं मला.

तशीच तिला घेऊन खन्नाजींकडे गेले. ते ऐकायला तयार नाहीत, म्हणे स्वेटर तर सगळ्यांनीच पाहिलाय. मी म्हटलं, अहो तेच तर म्हणतेय, जो नव्हताच तो सगळ्यांना दिसला कसा? शेवटी म्हणाले, चलो, आंटींनाच विचारू.

या वेळी मात्र मी हट्टच धरला. स्वेटर, शेरू, फोटो... कशाचंही नाव काढायचं नाही. फक्त विचारायचं, त्या सकाळी काय झालं?

आंटी स्टुलावर पाय ठेवून बसल्या होत्या. कपाळाला आठ्या घालून आठवत राहिल्या. मग जरा ओशाळून म्हणाल्या, "बेटा, वो तो पीछे से आया था... मैंने तो कुत्ता देखा ही नहीं."

खन्नाजींनी तिथूनच फोन करून गाडी कॅन्सल केली. चावणारा शेरूच होता की दुसरा कोणी, ते आता कधीच कळायचं नाही. आमच्या भागात तपकिरी कुत्री काय कमी आहेत! नाझनीन जिना चढताना एवढंच म्हणाली, 'काकू, चटणी फ्रिजमध्ये ठेवा.' बोलली एकदाची, माझा जीव भांड्यात पडला.

पण खरं नवल पुढेच आहे. आज सकाळी मुद्दाम बाल्कनीत उभी राहून तो गुरुवार आठवून पाहिला. सगळं माहीत आहे मला, तरीही... धुकं, आंटींची किंकाळी, आणि गाड्यांमागे पळणारा मरून स्वेटर. अजून तसाच दिसतो, अगदी लख्ख. काही केल्या तो त्या कुत्र्याच्या अंगातून निघत नाही.

कोर्टात उभं केलं असतं ना, तर छातीठोकपणे सांगितलं असतं मी. नाझनीन, पिशवी द्यायला आलीस, फार उपकार झाले गं बाई.