उद्घाटनाचा नारळ

ऐंशीच्या सुमारास आमच्या शेजारची एक पोरगी सॉफ्टबॉल खेळायला परदेशात जाऊन आली. नागपूरच्या पेपरात फोटो छापून आला आणि मग वर्ध्याच्या आसपास तिच्याशिवाय साधं दुकानही उघडेना. सोबतीला मी जायचे. ती साडी सावरत फीत कापायची, दोन वाक्यं बोलायची आणि परतताना म्हणायची, "काकू, फोटो साऱ्यायनं पाह्यला. खेळ कोनीच नाई."

रोहणा गावात पिठाच्या गिरणीचं उद्घाटन होतं. दारातल्या दगडावर फोडायला तिच्या हाती नारळ दिला, तेवढ्यात एक म्हातारी म्हणाली, "बाई, तू चेंडू कशी फेकते ते तं दाखव."

तिने लोकांना बाजूला केलं, पदर खोचला, चपला काढल्या आणि पंधरा पावलं मागे गेली. हात खांद्यातून गर्रकन फिरला, कमरेखालून सुटलेला नारळ दगडावर फुटला आणि गिरणीवाल्याचा नवा सदरा भिजला. गाव हसत खोबरं वेचू लागलं. भाषण कोणी मागितलंच नाही.

बसमध्ये ती खांदा चोळत बसली होती.

"दुखते का?" मी विचारलं.

"नाई काकू," ती म्हणाली. "नारळ जरासा डावीकडे गेला."